मशीन नंतर, आधी खेळतं भांडवल

पत्र : मी कुडाळ तालुक्यातला, वय २६. बी.कॉम. केलं. कॉलेजात असताना तीन वर्षं विद्यापीठाच्या संघातून कबड्डी खेळलो, चढाईपटू म्हणून. उजव्या गुडघ्याचं लिगामेंट फाटलं, ऑपरेशन झालं आणि मोठा खेळ संपला. बाबांची दोन एकर काजूची बाग आहे. वर्षाला साधारण ८०० किलो बी होते आणि ती सगळी व्यापारी उचलतो. मला स्वतःचं काजू प्रक्रिया युनिट टाकायचं आहे. एका विक्रेत्याने पूर्ण ऑटोमॅटिक मशीनचं ९ लाखांचं कोटेशन दिलंय. ‘सबसिडी मिळतेच, बुक करून टाका’ असं तो म्हणतो. माझ्याकडे साठवलेले १ लाख ८० हजार आहेत. आईबाबांना वाटतं मी पोलीस भरतीला बसावं. मशीन घेऊ का? आणि खेळण्यापलीकडे याला काही येत नाही असं गावात बोलतात, त्यावर काय करू?

उत्तर :

मशीन आत्ता घेऊ नका. काजूचा धंदा तुम्ही करू शकता, आमच्या मते करावाही. पण ९ लाखांच्या मशीनने त्याची सुरुवात करू नका. टोकन दिलं नसेल तर देऊ नका. दिलं असेल तर परत कसं मिळेल, हे आजच लेखी विचारा.

या धंद्यात युनिट बंद पडतं ते बहुतेक वेळा मशीन नाही म्हणून नव्हे, तर जूनमध्ये हातात पैसा उरत नाही म्हणून. कोकणात बी येते मार्च ते मे. वर्षभर फोडायची बी त्या तीन महिन्यांत रोखीने घेऊन ठेवावी लागते. गर मात्र पुढचे दहा महिने थोडा थोडा विकला जातो आणि त्यातला बराच उधारीवर. म्हणजे पैसा एकदम जातो आणि हप्त्याहप्त्याने परत येतो. ही मधली दरी भरून काढतं ते खेळतं भांडवल. विक्रेत्याच्या कोटेशनमध्ये त्याची ओळच नसते.

आकड्यांत बघू. बीचा भाव दरवर्षी हलतो, म्हणून हे गणित त्या वेळच्या भावाने पुन्हा करा. हिशेबापुरता किलोला १५० रुपये धरू. रोज ४० किलो बी फोडणारं घरगुती युनिट वर्षात २५० दिवस चाललं तर १० टन बी लागते. म्हणजे मे अखेरपर्यंत फक्त बीत १५ लाख अडकले. उतारा, म्हणजे बीच्या वजनातून निघणारा गर, २४ टक्के पडला तर २,४०० किलो गर मिळतो. व्याज ११ टक्के धरलं आणि माल दहा महिन्यांत सारखा सारखा विकला गेला, तर किलोमागे नुसतं व्याज साधारण २९ रुपये बसतं. गिऱ्हाइकाला दोन महिन्यांची उधारी दिली की त्यात आणखी ११-१२ रुपयांची भर. मजुरी, वीज, पॅकिंग, तूट हे सगळं वेगळं. आता यात ९ लाखांच्या मशीनचा हप्ता घाला आणि १ लाख ८० हजार किती दिवस पुरतात ते स्वतः मांडून बघा. बी.कॉम. आहात, हा कागद तुम्हाला कुणी शिकवायला नको.

सबसिडीबद्दल. सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या योजनेत (पीएमएफएमई) पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख, अनुदान असतं आणि किमान १० टक्के वाटा आपला असावा लागतो. हे खरं आहे. विक्रेता जे सांगत नाही ते असं, की हे अनुदान कर्जाशी जोडलेलं आहे. ते तुमच्या हातात पडत नाही. बँकेत वेगळ्या खात्यात राहतं आणि कर्ज तीन वर्षं नीट चाललं तर त्यात वळतं होतं. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचंही (पीएमईजीपी) तसंच, तिथेही रक्कम तीन वर्षं ठेवीत अडकते. म्हणून सबसिडीच्या भरवशावर बी विकत घेता येत नाही. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमासाठी ओरोसच्या जिल्हा उद्योग केंद्रात चौकशी करा. जाल तेव्हा कोणत्या योजनेचे अर्ज सध्या घेतले जातात, हे आधी विचारा. आणि प्रकल्प अहवालात मुदत कर्जाबरोबर कॅश क्रेडिटची, म्हणजे खेळत्या भांडवलासाठी लागेल तसं उचलायच्या कर्जाची, मर्यादा मागा. पुष्कळ तरुण फक्त मशीनचं कर्ज मागतात, ते मंजूर होतं, शेड उभी राहते आणि एप्रिलात बी घ्यायला पैसे नसतात.

मग काय करायचं? पहिला हंगाम मशीनशिवाय काढा. बाबांच्या ८०० किलोंपैकी ५०० किलो तुम्ही घ्या, बाकीची ३०० नेहमीच्या व्यापाऱ्याला जाऊ द्या, म्हणजे घरचा खर्च अडणार नाही. ती ५०० किलो बाबांकडून त्या दिवसाच्या बाजारभावाने, पैसे मोजून घ्या. घरची बी फुकट धरली की पहिल्या वर्षी नफा दिसतो, दुसऱ्या वर्षी बाहेरची बी घेतली की तो कुठे गेला ते कळत नाही. १५० च्या भावाने ७५ हजार झाले. ही बी जवळच्या एखाद्या चालू युनिटमधून किलोच्या दराने फोडून, सोलून घ्या. कुडाळ, सावंतवाडी, वेंगुर्ले, दोडामार्ग या पट्ट्यात असं काम करून देणारी छोटी युनिटं आहेत. तुमच्या वाट्याला साधारण १२० किलो गर येईल. तो स्वतः निवडा, स्वतः पॅक करा, स्वतः विका. उरलेल्या पैशांत पॅकिंग, नोंदणी आणि अडीअडचण भागते. दोन रिकाम्या चढायांनंतरची तिसरी ‘करो या मरो’ची असते, पहिलीच तशी का खेळायची?

या वर्षात तीन गोष्टी हाताला बसल्या पाहिजेत : बी ओळखणं, गर राखणं, माल विकणं.

सगळ्यात मोठा पैसा बी ओळखण्यात आहे, म्हणून त्यावर थोडं सविस्तर. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राची वेंगुर्ला-४ ही जात घेतली तर एक बी साधारण पावणेआठ ग्रॅमची, किलोत १३० च्या आसपास बसतात. वेंगुर्ला-७ ची बी १० ग्रॅमच्या घरात, किलोत १००. गावठी बारीक बी किलोत १८०-२०० सुद्धा भरते. म्हणून पोत्यातून मूठभर काढायची, किलो भरायचं आणि मोजायचं. मोजणीवरून आकार कळतो, आतला गर मात्र कळत नाही. त्यासाठी फोडून बघायला हवं. पाच-सहा पोत्यांच्या वरून, मधून, तळातून बी काढा, एकत्र करा, त्यातली बरोबर १ किलो घ्या. प्रत्येक बी उभी चिरून गर काढा आणि तीन ढीग करा : चांगला, डागी किंवा सुरकुतलेला, आणि टाकाऊ. चांगल्याचं पूर्ण वजन आणि डागीचं निम्मं वजन धरायचं. सालीसकट हे २८० ग्रॅमच्या आसपास भरलं तर माल उत्तम. वाळून, साल निघून हातात २४-२५ टक्के पांढरा गर येतो. २५० च्या खाली गेलं तर भाव पाडून मागा नाहीतर सोडा. उताऱ्यातल्या दोन टक्क्यांची किंमत बघा : १५० ची बी, २४ टक्के उतारा, तर किलोभर गरात ६२५ रुपयांची बी गेली. २२ टक्के पडला तर ६८२ ची. किलोमागे ५७ रुपये फोडणी सुरू होण्याआधीच गेले.

दुसरा सापळा ओलीचा. झाडाखालून नुकती वेचलेली बी ओली असते. १५ टक्के ओल असलेली १०० किलो बी ९ टक्क्यांवर वाळवली की ९३ किलो राहते. म्हणजे १५० ने घेतलेली बी खरी १६० ला पडली. बी कानाशी धरून हलवा. वाळलेल्या बीत गर खुळखुळतो, टरफलात नख रुतत नाही. खळ्यात पातळ पसरून, दिवसातून तीन-चार वेळा उलटून दोन-तीन कडक उन्हं द्या. मग ज्यूटच्या पोत्यात भरून लाकडी फळ्यांवर ठेवा, भिंतीपासून हातभर लांब. थेट कोब्यावर ठेवलेलं पोतं पावसाळ्यात तळातून ओल ओढतं, जुलैत उघडलं की तळची बी बुरसलेली निघते. मेमधल्या वळवाच्या पावसाने वाळवणातली बी भिजली तर ती वेगळी ठेवा आणि आधी संपवा, वाळलेल्यात मिसळू नका.

युनिटमध्ये बी देऊन घरी येऊ नका. चार दिवस तिथे बसा, बघा, लिहून घ्या. वाफेवर साधारण २०-२५ मिनिटं बी शिजते. कमी शिजली तर टरफल चिकट राहतं, कटरखाली गर फुटतो, टरफलातलं तेल गराला लागतं. जास्त शिजली तर गर पिवळट होतो आणि तो रंग नंतर जात नाही. वाफवलेली बी रात्रभर पसरून निवली की टरफल ठिसूळ होतं, तेव्हाच फोडायची. गरम बी फोडली की पाकळ्या, म्हणजे गराचे दोन अर्ध, जास्त पडतात. मग सालीसकट गर ड्रायरमध्ये, ७० अंशांच्या आसपास, सहा ते आठ तास. मधून ट्रे वरखाली करावे लागतात, नाहीतर खालचे करपतात आणि वरच्यांची साल सुटत नाही. ड्रायरमधून निघालेला गर निवाला की लगेच सोलायचा. पावसाळ्यात तासभर उघडा राहिला तरी हवेतली ओल घेतो, साल पुन्हा धरून बसते आणि मग सुरीने खरवडताना गर तुटतो.

ऑटोमॅटिक मशीनचा प्रश्नही इथेच आहे. त्याच्या पात्यांमधलं अंतर बीच्या आकारावर बसवलेलं असतं. आपल्याकडच्या बागांतून येते ती मिसळ : थोडी वेंगुर्ला-४, थोडी ७, थोडी गावठी. चाळणीने आकार वेगळे केल्याशिवाय ती मशीनला घातली की मोठ्या बीचा गर चिरतो आणि बारीक बी न फुटता पुढे जाते. शिवाय थ्री-फेज जोडणी, पावसाळ्यातले वीजखंड आणि बिघाड झाला तर येणारा माणूस कुठल्या गावचा, हे सगळं पाहावं लागतं. दुसऱ्या वर्षी दोन हात-पायाचे कटर, एक छोटा वाफेचा कुकर आणि एक ट्रे ड्रायर इथपासून सुरुवात करा. तिघांकडून लेखी कोटेशन घ्या, त्यात सर्व्हिस किती दिवसांत मिळेल हे लिहून घ्या आणि तो कुकर बॉयलरच्या नोंदणीत येतो की नाही, हेही लेखी घ्या. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते का याची चौकशी आणि उद्यम नोंदणी शेड बांधायच्या आधीच उरका. उद्यम नोंदणी ऑनलाइन फुकट होते, कुणी एजंट पैसे मागत असेल तर देऊ नका.

कटरचा विषय निघाला म्हणून तुमच्या गुडघ्याबद्दल. हात-पायाच्या कटरवर दर बीला पायाने पेडल दाबावं लागतं, दिवसाला हजारो वेळा. ते उजव्या पायाने करू नका. कटर डाव्या पायासाठी बसवून घ्या किंवा त्या कामाला बसूच नका. आणि बीचं पोतं ८० किलोपर्यंत भरतं. ते उचलून कमरेतून आणि गुडघ्यातून वळणं ही हालचाल तुमच्या गुडघ्याला सगळ्यात वाईट. खेळलेल्या माणसाला ‘एवढं तर मी उचलतो’ असं वाटतं आणि तिथेच तो फसतो. पोती ४० किलोचीच भरा, एक हातगाडी घ्या, आणि ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांना हे काम नीट वर्णन करून विचारा.

फोडणाऱ्या आणि सोलणाऱ्या बायका हीच युनिटची खरी मालमत्ता. नुसत्या वजनावर मजुरी दिली की हात घाई करतो आणि तुकडा वाढतो. म्हणून अख्ख्या गराला वेगळा, जास्त दर ठेवा. टरफलातलं तेल कातडी भाजतं. हातमोजे, हाताला लावायला खोबरेल आणि मधली सुट्टी हे मजुरीच्या बाहेरचं, तुमच्या खर्चातलं. आणि ज्या हाताला टरफल लागतं तो हात गराला लागू नये, अशी बसण्याची रचना करा.

प्रतवारी घरच्या वजनकाट्यावर शिकता येते. डब्ल्यू-२४० म्हणजे एका पाऊंडात, ४५४ ग्रॅममध्ये, २२० ते २४० अख्खे गर. डब्ल्यू-३२० म्हणजे ३०० ते ३२०. तुम्ही १०० ग्रॅम मोजा : ४९ ते ५३ गर भरले तर २४०, ६६ ते ७० भरले तर ३२०. पाकळी, तुकडा आणि कणी वेगळी काढा. अख्ख्यात चार पाकळ्या मिसळल्या तर किलोमागे थोडं सुटतं, पण ते गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. गर ५ टक्क्यांपेक्षा ओला राहिला तर पाऊचमध्ये मऊ पडतो, पुढे खवट होतो. साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत कोकणातल्या हवेत तो टिकत नाही. जाड बहुपदरी पाऊच आणि व्हॅक्यूम पॅकिंग हवंच.

पहिले १२० किलो कुठे विकाल? गणपतीला आणि दिवाळीला. चाकरमानी गणपतीत गावी येतात आणि परतताना घेऊन जातात, म्हणून माल जुलै अखेर पॅक झालेला हवा. २५० आणि ५०० ग्रॅमची पाकिटं करा. पाकिटावर अन्न सुरक्षा नोंदणीचा क्रमांक, निव्वळ वजन, किंमत, पॅकिंगची तारीख, बॅच, कधीपर्यंत वापरावं, पोषणमूल्यं, शाकाहाराची हिरवी खूण, नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी फोन हे सगळं लागतं. ‘वेंगुर्ला काजू’ला भौगोलिक मानांकन आहे. ते नाव आणि बोधचिन्ह छापायचं असेल तर आधी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करा. पुढे कधी ऑफ-सीझनला आफ्रिकेतली बी फोडलीत तर तो माल वेगळ्या पाकिटात, वेगळ्या नावाने. कोकणचा म्हणून तो विकू नका.

जोडीला एक छोटी गोष्ट. फेब्रुवारी-मार्चमध्ये ओल्या काजूगरांना चांगला भाव मिळतो आणि त्याला कसलंही मशीन लागत नाही. बागेतल्या चार झाडांची कोवळी बी त्यासाठी ठेवून बघा. हंगामाच्या तोंडावर पहिला रोख पैसा त्यातून येतो.

आता गावाच्या बोलण्याबद्दल. ते खरं नाही, आणि हे आम्ही तुमचं मन राखायला म्हणत नाही. दर हंगामाआधी महिनोन्‌महिने तयारी करून ठेवणं, हरलेला सामना पुन्हा बघून कुठे पाय चुकला ते शोधणं, हे तुम्ही तीन वर्षं केलंय. तेच इथे वहीत करा. प्रत्येक बॅचला एक पान : बी कुणाची, किती किलो, ओल कशी, वाफ किती मिनिटं, अख्खा गर किती, पाकळी किती, टाकाऊ किती. वीस पानं भरली की अख्खा गर कधी घटतो त्याचं कारण तुम्हाला दिसू लागेल. शिवाय तालुक्यातल्या वाड्यावाड्यांत तुम्हाला ओळखतात. बी गोळा करताना दारात उभं राहू देतात, ही ओळख विकत मिळत नाही. त्याच ओळखीचा एक धोकाही आहे. जुने संघातले मित्र, क्लब, मंडळं उधारीवर माल मागतील आणि तुम्हाला नाही म्हणता येणार नाही. पहिल्या वर्षी उधारी कुणालाच नाही, हे पाकिटं बाजारात आणायच्या आधी जाहीर करून टाका. मग ते कुणा एकाला लागत नाही.

भरतीचं म्हणाल तर आईबाबांशी भांडू नका. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, पण कुठल्या स्तरावरचं प्रमाणपत्र त्यात धरतात ते नियमांत ठरलेलं आहे आणि प्रमाणपत्राची क्रीडा खात्याकडून पडताळणी करावी लागते. तुमचं बसतं का, हे जिल्हा क्रीडा कार्यालयात एकदा नक्की करून घ्या. पोलीस भरतीत धावणं आहे, त्याला गुडघा तयार आहे का, हे डॉक्टर सांगतील. पहिल्या हंगामाचं ५०० किलोचं काम पूर्ण वेळ खात नाही, त्यामुळे हे वर्षभर दोन्ही चालू शकतं. आईबाबांना पुढच्या दिवाळीनंतरची तारीख द्या आणि त्या दिवशी बॅचची वही आणि विक्रीचा हिशेब त्यांच्यासमोर ठेवा. बाबांनी आयुष्यभर बी पिकवली आहे, आकडे त्यांना कळतात.

बाबांना आणखी एक सांगा. बाजार समित्यांमार्फत चालणाऱ्या शेतमाल तारण कर्ज योजनेत काजू बी येते. ती शेतकऱ्याच्या स्वतःच्या मालासाठी आहे, व्यापाऱ्यासाठी नाही. आपल्या भागात चालू असेल तर भाव पडलेला असताना सगळी बी एप्रिलातच विकायची गरज उरत नाही, गोदामात ठेवून त्यावर पैसे उचलता येतात.

आणि फोडणीसाठी युनिट ठरवायचं काम जानेवारीतच करा. मार्चनंतर सगळी युनिटं स्वतःच्या बीने भरलेली असतात, तेव्हा ५०० किलोसाठी कुणी रांग मोडत नाही. जाताना घरची दोन किलो बी बरोबर न्या, त्यांच्यासमोर फोडा आणि दर, तूट, पाकळीचं प्रमाण आणि टरफल कुणाचं, हे त्याच दिवशी कागदावर घ्या.